गल्ली नंबर, गट नंबर, प्लॉट नंबर

जयसिंगपूरच्या मूळ वस्तीत पत्ता विचारला की लोक आकडा सांगतात. कितवी गल्ली? सातवी. मग चालत सुटायचं आणि मोजायचं. कुंभार गल्ली, तेली गल्ली, ब्राह्मण आळी ही नावं आमच्या शिरोळ तालुक्यातल्या जुन्या गावांत शोभतात. इथं रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, आणि गल्ल्यांना नंबर. पाहुण्यांना हे गाव रुक्ष वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही, त्याला माझा धंदा कारण असेल. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. लोक आम्हाला मोजणीवाले म्हणतात. बांधावर भांडण पेटलेलं असलं तर आणखीही काही म्हणतात. मोजणीवाल्याला काटकोनातली जागा म्हणजे सुट्टीच. फीत टाकायची, चारी बाजू घ्यायच्या, दोन्ही कर्ण घेऊन ताळा बघायचा, की जेवणाच्या आत घरी.

हे गाव उगवलं नाही, आखलं गेलं. मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. उदगाव, चिपरी, धरणगुत्ती ही भोवतालची गावं त्याच्या कितीतरी आधीची. त्यांच्या मधल्या माळावर, रेल्वेच्या कडेला, शाहू महाराजांनी १९१७ साली नवी पेठ वसवायला घेतली. महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे. १८८४ साली दत्तक होऊन ते कोल्हापूरच्या गादीचे वारस झाले. जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगराव ऊर्फ आबासाहेबांचं, नाव त्यांनी या गावाला दिलं. व्यापारासाठी पेठ वसवण्याचा हा त्यांचा पहिला खटाटोप नव्हता. कोल्हापुरात १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीत गुळाचा व्यापार जमला होता. इथं रेल्वेचं स्टेशन आणि कृष्णाकाठचा माल यांची गाठ घालून द्यायची होती, आणि ती पडली. तंबाखूच्या वखारी पुढं बरीच वर्षं इथली ओळख होऊन राहिल्या.

तशी पेठ वसवण्याची आपल्याकडची रीत जुनीच. राजाला वस्ती हवी असली की तो कौल द्यायचा. या, घरं बांधा, दुकानं थाटा, अमुक वर्षं पट्टी माफ, पुढं थोडी थोडी चढत जाईल. शेटे-महाजनांना मान आणि बाजारावरचे हक्क मिळत, आणि त्या बदल्यात त्यांनी वाणी-उदमी, कोष्टी, सोनार गोळा करून आणायचे. मिरजेच्या पटवर्धनांतून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीला राजधानी केली, तीही अशीच माणसं आणून भरली. घरजागा हा त्या काळी विकायचा माल नव्हता. माणूस गावात टिकावा म्हणून टाकलेलं ते आमिष होतं. जमीन मुबलक आणि कर देणारी माणसं दुर्मीळ, असा हिशोब असे. जयसिंगपुरातला फरक एवढाच की इथं माणसं यायच्या आधी नकाशा आला.

नकाशा आधी आला तर काय होतं, ते जुन्या गावात मोजणी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून कुरुंदवाडकडं जाऊ.

कुरुंदवाड हे पटवर्धनांचं संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती असं दुभागलेलं. १९४८ च्या मार्चमध्ये पटवर्धनी संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर त्यानंतर वर्षानं, १ मार्च १९४९ ला. त्यामुळं आमच्या एकाच तालुक्यात वेगवेगळ्या दरबारांची दप्तरं, वेगवेगळ्या वळणाची. जुन्या घरांची कागदपत्रं मोडीत. वाचणारा म्हातारा गाठायचा, त्याला चहा पाजायचा आणि तो वाचेल ते खरं मानायचं. त्या कागदांत चौरस फूट कुठंच नाहीत. घर मोजलेलं असतं खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या अंतरात. पाच खणी सोपा, तीन खणी माजघर, मागं परडं. लांबी सांगितलीच तर हातांत. कुणाचा हात, हे विचारायचं नाही.

आणि मग येते चतुःसीमा. पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस वहिवाटीचा बोळ, दक्षिणेस तमक्याचं परडं, उत्तरेस सरकारी रस्ता. घराची हद्द म्हणजे शेजारी. शेजाऱ्यानं घर विकलं, त्याला मूलबाळ झालं नाही, तो पुण्याला निघून गेला, की तुमच्या हद्दीचं नाव बदललं. तीन पिढ्यांनी त्या कागदावरचं एकही नाव त्या गल्लीत उरत नाही, तरी हद्द जागची हलत नाही. कारण ती कागदावर नसते, सवयीत असते. मला तरी या पद्धतीत अडाणीपणा दिसला नाही. भांडण झालं तर साक्षीदार समोरच राहत होते.

या सवयी किती बारीक असतात बघा. कौलारू घराला पागोळी असते. पावसाचं पाणी छपरावरून जिथं पडतं ती वीतभर-हातभर पट्टी कुणाची? घरवाल्याची, भिंत संपली तरी जागा पागोळीपर्यंत. पण त्या पट्टीत तो काही बांधू शकत नाही, आणि शेजारी तिथं भिंत घालू शकत नाही. सामाईक भिंत असली तर तिच्यात तुळई दोन्ही बाजूंनी घुसवता येते, पण खिडकी पाडता येत नाही, कारण शेजारच्याची न्हाणी दिसते. मोरीचं पाणी कुणाच्या परड्यातून जायचं, आडावर कुणाचा रहाट, उकिरडा कुणाचा, बोळातून बैलगाडी न्यायचा हक्क आहे की नुसता माणसानं जायचा, की मयत न्यायचीही वाट आहे. वाटपपत्रात याच्यावर ओळीच्या ओळी असत. खोल्यांच्या वाटणीला दोन ओळी, आणि मोरीच्या पाण्याला पान. वाचताना हसू येई. पुढं त्याच मोरीवरून कोर्टात गेलेली भावंडं भेटली, तेव्हा लिहिणाऱ्या कारकुनाच्या शहाणपणाला मी मनोमन हात जोडले.

शेताचं तसं नव्हतं. शेतावर सारा होता, म्हणून शेत फार आधीपासून मोजलं गेलं. शिवकाळात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चाहूर. इंग्रजांनी काठी सोडून साखळी आणली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात जी पद्धत बसवली, ती पुढं मुंबई इलाखाभर आणि संस्थानांतही पसरली. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. शंकू आणि साखळी घेऊन काढलेली त्या वेळची टिपणं आजही निघतात आणि जुळतात. ऊन, काटे, ओढे तुडवत फिरलेल्या त्या माणसांची आकडेमोड इतकी चोख की गुणाकार बुक उघडताना आमच्यासारख्यांना आपोआप सावरून बसावंसं वाटे.

पण याच मोजणीच्या नकाशात गावठाण कोरं! गाव नकाशा उघडा. शेतांचे तुकडे, त्यांत नंबर, ओढे, गाडीवाटा, विहिरी, सगळं जागच्या जागी, आणि मधे एक रिकामा डाग. घरांच्या जागेवर शेतसारा नव्हता, म्हणून सरकारला आत शिरायचं कारण नव्हतं. बाहेरची हद्द घेतली, बस्स. पुष्कळ गावांत त्या डागापासून थोडा अलग दुसरा छोटा डाग दिसतो, तो महारवाडा. तेवढा अलगपणा मात्र साखळीनं नेमका टिपलेला असे. जयसिंगपूर आखल्याच्या पुढच्याच वर्षी, १९१८ साली, शाहू महाराजांनी महार वतनं रद्द करण्याचा हुकूम काढला. नंबराच्या गल्ल्यांमागं हाच विचार होता असं म्हणायला माझ्याकडं कागद नाही, आणि पत्त्यात जात दिसली नाही म्हणून ती गल्लीतून गेली असंही मी म्हणणार नाही. तरी पोस्टमनला नुसता आकडा वाचून पत्र टाकता येतं, हे काही कमी नाही.

तर हा कोरा डाग. शेतकऱ्याला सातबारा मिळाला, आणि त्याच शेतकऱ्याच्या राहत्या घराला काहीच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, पण ती कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कुणी भरायची ते ती सांगते, घर कुणाचं ते नाही. शेताच्या खात्याचा आठ-अ वेगळा. बँकेत कर्जाला गेलेला माणूस हे दोन आठ घेऊन किती खेटे घालतो ते त्यालाच विचारावं. मोठ्या गावांत नगर भूमापन झालं. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १२६ नं दोन हजारांवर वस्तीच्या गावठाणांची अशी मोजणी करता येते. मोजणीमागून चौकशी अधिकारी येतो, दारोदार फिरतो, कागद बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, चौकशी नोंदवहीत उतरवतो. त्यातून मिळकत पत्रिका तयार होते आणि घराला सनद मिळते. पागोळ्या, मोऱ्या, बोळ यांचं रूपांतर तिथं चौरस मीटरमध्ये होतं, दशांश चिन्हासकट.

त्या रूपांतरात पुष्कळ काही गळालं. बोळाचा हक्क पत्रिकेवर चढला नाही तर चाळीस वर्षांनी बोळात जिना उभा राहतो. आणि माणसंही गळाली. पत्रिकेवर बाप गेल्यावर मुलगे चढत. मुली हक्कसोडपत्रावर सही करून माहेरच्या जेवणाला येत. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, २००५ साली देशभर तसा कायदा झाला. त्यानंतर हक्कसोडपत्रं कमी झाली असं मला दिसलं नाही. फक्त सह्या करताना बहिणी कागद वाचू लागल्या. क्वचित एखादी पेन खाली ठेवते. मग सगळ्यांना मोजणी आठवते.

उरलेल्या गावठाणांचा डाग आता आकाशातून भरला जातोय. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी ड्रोननं गावठाण मोजून पाहिलं. पुढं २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्रानं स्वामित्व योजना देशभरासाठी जाहीर केली. ड्रोन उडायच्या आधी ज्यानं त्यानं आपली हद्द चुन्यानं आखून ठेवायची. चुना टाकायच्या सकाळी गावात जी शांतता आणि जी धावपळ असते, ती मतदानालाही नसते. हातभर जागा पुढं सरकवायची असेल तर ती याच सकाळी. वरून कॅमेऱ्याला छपराची कड स्वच्छ दिसते, छपराखालची भिंत दिसत नाही. पागोळीचं भांडण सुटण्याऐवजी त्याचा आता वरून काढलेला फोटो निघतो. ते मिटवायला अखेर माणसालाच गल्लीत जावं लागतं.

जयसिंगपुरात हे कष्ट कमी, पण नंबराच्या गल्ल्या भरल्या आणि गाव बाहेर सांडलं. तिथं तिसऱ्या जातीची घरजागा सुरू होते, तीच आज सर्वांत जास्त. एन.ए., म्हणजे बिनशेती, प्लॉट.

तिचा जन्म शेतात. साखर कारखानदारी आली, उसाचा पैसा आला, शिक्षक, एसटीचे कंडक्टर, कारखान्याचे कारकून पगारदार झाले. त्यांना गावठाणातल्या वाटणीच्या दोन खणांत राहायचं नव्हतं. रस्त्याकडेचा एखादा गट घ्यायचा, बिनशेती मोजणी करायची, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४४ ची परवानगी काढायची, ले-आउट मंजूर करून घ्यायचा. वाफ्यांवरून आडवे-उभे रस्ते जातात, कोपऱ्यांवर दगड ठोकले जातात, आणि ज्या जागेला कालपर्यंत ‘विहिरीवरचं वावर’ म्हणत तिचे प्लॉट नंबर १ ते ३६ होतात. परवानगीची वाट बघायला ज्यांना वेळ नव्हता त्यांनी तशीच गुंठागुंठ्यानं विक्री केली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, त्यामुळं एवढ्या तुकड्याची नोंद सरळ होईना. मग एकाच सातबाऱ्यावर पाच-सहा अनोळखी कुटुंबं सामाईक मालक म्हणून चढली आणि जमिनीवर आपापसात दोऱ्या टाकून बसली. ही वस्ती इतकी झाली की २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदाच करावा लागला, आणि त्याची मुदत पुढं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. या लोकांना फसवे म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांनी पैसे मोजून दिले होते. मंजुरीचा खर्च आणि वेळ पगारदाराला झेपेल असा नव्हता, हे खरं कारण.

गुंठ्याचा एक विनोद सांगतो. कायद्यानं गुंठा १,०८९ फुटांचा. काही विकणारे बोलताना ‘गुंठा म्हणजे हजार फूट’ म्हणतात, सोपं जावं म्हणून. हिशोब सोपा होतो तो विकणाऱ्याला. ८९ फूट कुठं गेले, हे घेणारा कंपाउंड घालायला लागल्यावर विचारतो.

ले-आउटमधली आणखी एक जागा मला फार आवडे: ओपन स्पेस. दहा टक्के जागा मोकळी ठेवायचा नियम. नकाशावर ती हिरव्या रंगात असते. पहिली पाच-सात वर्षं तिथं बाभळी वाढतात, पोरं क्रिकेट खेळतात. मग कुणीतरी गणपतीचा मांडव घालतो. मांडवाला पत्रे येतात, पत्र्यांना विटा येतात. मोजणीला गेल्यावर मी हिरव्या चौकोनात उभा राहून घंटा ऐकलेली आहे. नकाशा आणि घंटा यांत खरं काय, हे ठरवायचा अधिकार आमच्या खात्याला नव्हता, आणि त्याबद्दल मी खात्याचा ऋणी आहे.

कोपऱ्याचे दगड मात्र आमचा विषय. सगळ्यात जास्त दगड हरवतात ते पहिल्या दोन पावसाळ्यांत. ट्रॅक्टरच्या फणात अडकतात, धुण्याला जातात, चुलीला लागतात. मग हद्द कायम मोजणीचा अर्ज येतो. माझ्या वेळी त्यात साधी, तातडीची की अतितातडीची असे प्रकार असत, जशी फी तशी तारीख. लगतधारकांना नोटिसा जातात. ते दिवसभर छत्री धरून उभे राहतात आणि शेवटी सही करायची नाही म्हणतात. मोजणी नकाशाची क प्रत हातात पडली की तिची घडी घालून ती देवघरात ठेवणारे लोक मी पाहिलेत. प्लेन टेबल गेलं, आता उपग्रहावर चालणारा रोव्हर आलाय. तो बोटभर चुकतो तेवढंच. तरी छत्री घेऊन उभा असलेला माणूस तोच.

आमच्या तालुक्यात या सगळ्यावर पाण्यानं एक वेगळी रेघ मारली आहे. कृष्णा आणि पंचगंगा नृसिंहवाडीला मिळतात. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांत जुनी गावं पाण्यात गेली. ती नदीकाठी असण्याला कारण होतं. घाट, देऊळ, जनावरांचं पाणी, मळईची जमीन. माळावर राहायला जायचं म्हणजे त्या काळी शिक्षाच होती. शाहू महाराजांनी निवडला तो असाच माळ, आणि पूर आला की लोक चढावाकडं जयसिंगपुराच्या दिशेनं येतात. २०१९ नंतर कुरुंदवाड-नृसिंहवाडीकडच्या ओळखीच्या घरांतून फोन येऊ लागले: दोन गुंठे कुठं मिळतील का, वरच्या अंगाला. गावातलं घर विकायचं नाही. देव तिथंच राहणार, पोरं इकडं.

पाटबंधारे खात्यानं नदीला दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम बंद. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळी ते लाल या पट्ट्यात अटी घालून परवानगी. पण रेषा आखण्याच्या कितीतरी आधी मंजूर झालेले ले-आउट त्यांच्या आत सापडले. प्लॉट नंबर आहे, एन.ए. आदेश आहे, खरेदीची इंडेक्स टू आहे, फक्त बांधता येत नाही. असे प्लॉट आता स्वस्तात फिरतात. घेणारा बहुधा लांबचा असतो आणि कागद पूर्ण आहेत म्हणून खूश असतो.

मला कुणी प्लॉट दाखवायला नेलं तर सातबारा आणि नकाशा मी गाडीतच बघून घेतो. उतरल्यावर बाजूच्या सगळ्यात जुन्या घराचं दार वाजवायचं आणि विचारायचं, एकोणीसला पाणी कुठवर होतं. घरातली बाई बाहेर येते, भिंतीवरचा डाग दाखवते, बहुतेक वेळा आपल्या खांद्याच्या उंचीवर हात ठेवून. त्या आकड्यासाठी उताऱ्यात रकाना नाही. शिवाय ती न विचारता आणखीही काही सांगते: मागचा ओढा कुणी बुजवला, रस्ता कधी उचलला, आणि शेजारच्या प्लॉटवाल्यानं दगड कुठून कुठं सरकवला. गेल्या उन्हाळ्यात एका पाहुण्याचा व्यवहार अशाच दारात मोडला. विसार म्हणून दिलेले पैसे बुडाले, उरलेले वाचले.